लायसन नाही म्हणून जेल: बर्क गावाने साखळी कुठे तोडली

सिडनीपासून साधारण ८०० किमी आत, डार्लिंग नदीच्या काठी बर्क नावाचं गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आत, त्यातले साधारण एक तृतीयांश ऑस्ट्रेलियाचे मूळचे आदिवासी, वीसेक भाषागटांचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या आज्या-पणज्यांना सरकारनेच मूळ जागेवरून उचलून इथे आणून टाकलेलं. २०१३ मध्ये सिडनीच्या पेपरने छापलं की लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर हे गाव जगातल्या कुठल्याही देशापेक्षा धोकादायक आहे. झालं, नाव बदनाम.

अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे पोलीस वाढवा, पण इथे अॅलिस्टर फर्ग्युसन हा गावातलाच आदिवासी कार्यकर्ता आणि इतर जाणत्या लोकांनी आधी आकडे मागितले. पोलीस, कोर्ट, शाळा, आरोग्य, सगळीकडचे. आणि ते रिपोर्टात पुरून न ठेवता गावातल्या लोकांसमोर मांडले. यातून मारांगुका हा प्रकल्प उभा राहिला. साथीच्या रोगात डॉक्टर जसा पहिला पेशंट आणि दूषित विहीर शोधतो ना, तसंच इथे माणूस जेलच्या रस्त्याला नेमका कुठे लागतो ते शोधलं.

आणि सापडलं काय, तर ड्रायव्हिंग लायसन! हसू नका. बर्कहून मोठं शहर डब्बो, ते पावणेचारशे किमीवर, म्हणजे गाडीशिवाय काहीच होत नाही. लायसनसाठी आधी ओळखीची कागदपत्रं पाहिजेत आणि कित्येकांच्या जन्माची नोंदच नाही. पंचविशीच्या आतला असाल तर लायसनवाल्या माणसाला शेजारी बसवून १२० तास गाडी चालवायची आणि तशी वहीत नोंद करायची, पण घरात लायसनवालंही कोणी नाही आणि धड गाडीही नाही, तर तास भरणार कसे? मग पोरगं तसंच चालवतं, पकडलं जातं, दंड होतो, तो भरला जात नाही, पुन्हा पकडलं की कोर्ट, आणि असं करत करत जेल. या सगळ्यात कुणाला मारलं नाही की काही चोरलं नाही. म्हणून मग कागदपत्रं काढून देण्यापासून गाडी शिकवण्यापर्यंतची सोय गावातच केली.

जामिनाचंही तेच. रात्री अमुक वाजल्यानंतर घराबाहेर पडायचं नाही अशी अट असते, पण घरातच दारू पिऊन भांडणं चालू असतील तर पोरगं बाहेरच पडणार, की झाली अट मोडली, चला परत आत. इथे पोलिसांनी लगेच अटक न करता आधी समज द्यायला सुरुवात केली. घरगुती मारहाणीची तक्रार आली की ४८ तासांच्या आत पोलीस आणि प्रकल्पाची माणसं त्या घरी जायला लागली, शिवाय पुरुषांशी वेगळं बोलणं सुरू झालं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण या घरांमधे सरकारने लहानपणी आईबापापासून तोडलेल्यांची पिढी आहे, ते दुखणं नुसत्या शिक्षेने कसं बरं होणार?

आता निकाल. केपीएमजी या सल्लागार कंपनीचा रिपोर्ट २०१८ चा, त्यात २०१६ आणि २०१७ ची तुलना आहे: घरगुती हिंसाचाराच्या नोंदी २३ टक्क्यांनी कमी, अल्पवयीन मुलांवरचे मुख्य पाच प्रकारचे आरोप ३८ टक्क्यांनी कमी, बारावीपर्यंत टिकणारी मुलं ३१ टक्क्यांनी जास्त, आणि वर्षात अंदाजे ३१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा फायदा, म्हणजे प्रकल्पाच्या खर्चाच्या पाचपट.

पण जरा दमानं. एवढ्याशा गावात आकडे मुळातच छोटे, त्यामुळे दहा-वीस केसेस इकडेतिकडे झाल्या तरी टक्का उड्या मारतो. ज्या वर्षी परिस्थिती फारच वाईट असते त्याच्या पुढचं वर्ष काही न करताही बरं दिसू शकतं. तक्रारी कमी म्हणजे मारहाण कमी असंही नाही, बायका गप्प बसल्या तरी आकडा खालीच येतो. तुलनेला दुसरं गाव असतं तर जास्त खात्रीने बोलता आलं असतं.

लायसनच्या बाबतीत मात्र एवढा काथ्याकूट करायची गरज नाही. ज्याच्या खिशात लायसन आहे त्याला विनालायसन गाडी चालवल्याबद्दल पकडताच येत नाही.