गुपित न सांगता ओळख पटवणारे कार्ड

चुंबकीय पट्टीचे कार्ड चोरायला ते खिशातून काढावे लागत नाही. पट्टीवर खाते क्रमांक, मुदत, नाव आणि पडताळणीचा एखादा आकडा एवढेच नोंदवलेले असते, आणि विचारणारा कोणीही असो, पट्टी तेच सांगते. एटीएमच्या फटीवर बसवलेला स्किमर, म्हणजे पट्टी वाचणारे चोराचे छोटे यंत्र, ते क्षणात टिपतो, पिनसाठी वर एक बारीक कॅमेरा असतो. कोऱ्या कार्डावर तीच माहिती उतरवली की जुळे कार्ड तयार. मूळ कार्ड जागच्या जागी असल्याने मालकाला काही कळतही नाही.

चिपचे कार्ड, म्हणजे स्मार्ट कार्ड, या बाबतीत वेगळे, कारण तो एक छोटा संगणक आहे. वर दिसतो तो सोनेरी चौकोन फक्त जोडणीसाठी. खरी चिप त्याच्या खाली, ०.७६ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमध्ये दडलेली असते. तिला बॅटरी नाही. मशीनमध्ये घातल्यावर वीज मशीनकडूनच मिळते. टॅप करायच्या कार्डात ती १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींमधून, आत फिरवलेल्या तारेच्या वेटोळ्यावाटे येते. रोलां मोरेनो यांनी १९७४ साली फ्रान्समध्ये मेमरी कार्डाचे, म्हणजे चिपमध्ये फक्त माहिती साठवणाऱ्या कार्डाचे, पेटंट घेतले आणि पुढे मिशेल युगों यांनी कार्डात गणित करणारा मायक्रोप्रोसेसर आणला. १९९२ पर्यंत फ्रान्सच्या बँक कार्डांवर सर्रास चिप आली होती. अमेरिकेने मात्र बराच काळ पट्टी सोडली नाही. ऑक्टोबर २०१५ पासून कार्ड कंपन्यांनी नियम केला की बनावट कार्डाचा तोटा चिपची सोय न करणाऱ्याने सोसायचा, आणि मग दुकानांतली मशीन भराभर बदलली. सुरक्षिततेचे तंत्र तयार असणे आणि ते वापरण्याची कोणाला गरज वाटणे, यात अशी वर्षे जातात.

चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते, म्हणजे एक मोठी संख्या. ती प्रत्येक कार्डाची वेगळी असते आणि कार्ड देणारी बँक तीच संख्या आपल्याकडेही काढू शकते. व्यवहाराच्या वेळी मशीन कार्डाला रक्कम, तारीख आणि तिथल्या तिथे काढलेली एक अनियमित संख्या पाठवते. चिप त्यात स्वतःच्या व्यवहारांचा चालू क्रमांक मिसळते, किल्ली वापरून गणित करते आणि फक्त उत्तर बाहेर देते. बँक तेच गणित करून उत्तर जुळते का ते पाहते. मधल्या कोणी हे संभाषण सगळे ऐकले तरी पुढच्या व्यवहाराचे उत्तर निराळे असणार, आणि आजच्या उत्तरावरून किल्ली शोधणे व्यवहारात शक्य नाही. पिन किती वेळा चुकला हेही चिप स्वतः मोजते. साधारणपणे तीन चुकांनंतर ती पिन घेणेच बंद करते.

मग किल्ली थेट चिपमधून काढता येईल का? या प्रश्नावर हुशार माणसांनी बराच वेळ घालवला आहे. चिप वीज मशीनकडून घेते, आणि आत कोणते गणित चालू आहे त्यानुसार त्या विजेत बारीक चढउतार होतात. पॉल कोशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की या चढउतारांचे अनेक आलेख नोंदवून त्यांचे संख्याशास्त्र मांडले तर किल्ली उकलता येते. जणू भिंतीला कान लावून आतली कुजबुज ऐकावी. तेव्हापासून चिपमध्ये मुद्दाम गोंगाट मिसळतात, गणिताचा क्रम आणि वेळ बदलत ठेवतात, चिपवर धातूची जाळी पसरतात, काही चिपमध्ये प्रकाश पडताच काम थांबवणारे संवेदकही असतात.

पण चोराला किल्ली लागतेच असे नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की पिन बरोबर असल्याचे कार्डाकडून मशीनकडे जाणारे उत्तर सुरक्षित केलेलेच नव्हते. मध्ये एखादे यंत्र बसले आणि प्रत्येक पिनला ‘बरोबर’ म्हणाले, तर मशीनला पिन तपासला गेला असे वाटते आणि कार्डाला वाटते की पिनऐवजी ग्राहकाच्या सहीवर काम चालले आहे. हे प्रयोगशाळेपुरते राहील असे अनेकांना वाटले. २०११ मध्ये फ्रान्समध्ये चोरलेली कार्डे बेल्जियममध्ये वापरली जात असल्याचे उघडकीस आले. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून तज्ज्ञांनी कार्ड न कापता त्याचा एक्स-रे काढला, तर आत एकावर एक अशा दोन चिप. वरची खोटे बोलत होती, खालची अस्सल. मला ही सगळ्यात चतुर चोरी वाटते, कारण अस्सल चिपमधली किल्ली त्यांना लागलीच नाही.

किल्ली तयार करतानाच चूक झाली तर काय होते, ते एस्टोनियाने २०१७ मध्ये अनुभवले. तिथल्या ओळखपत्रावर नागरिक कायदेशीर सही करतात, मतदानही करतात. अशा ओळखपत्रात किल्ल्यांची जोडी असते, एक गुप्त आणि एक कोणालाही पाहता येणारी उघड, आणि ती मोठ्या मूळ संख्यांपासून (ज्यांना १ आणि स्वतःशिवाय कशानेही भाग जात नाही) बनते. इन्फिनिऑन या जर्मन कंपनीच्या चिपमधल्या प्रोग्रॅमने वेळ वाचवण्यासाठी या मूळ संख्या ठरावीक साच्यातून निवडल्या होत्या, त्यामुळे उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधता येण्याजोगी झाली. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी हे शोधले, आणि सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रे, म्हणजे ही किल्ली याच माणसाची अशी डिजिटल ग्वाही, स्थगित करावी लागली. गणित पक्के होते, त्यात घातलेला कच्चा माल कमअस्सल होता.

एवढे करूनही चिपचा अधिकार तिच्या मशीनपुरताच. ऑनलाइन खरेदीत कार्डावर छापलेला क्रमांक टाइप केला की चिपला कोणी विचारत नाही. पट्टीच्या कार्डांची नक्कल अवघड झाली तेव्हा चोरांनी इकडेच मोर्चा वळवला. मोबाइलमधून पैसे देताना मूळ क्रमांकाऐवजी पर्यायी क्रमांक जातो, तो याचसाठी. टॅपचे कार्ड कोणी दुरून वाचू नये म्हणून पाकिटाला आतून धातूचा पत्रा लावण्यापेक्षा कार्डाचा क्रमांक कुठे साठवून ठेवता हे पाहण्यात जास्त अर्थ आहे, असे माझे मत.

मोबाइलचे सिम हेही स्मार्ट कार्डच. त्याची नक्कल करण्याच्या भानगडीत आज फारसे कोणी पडत नाही. चोर मोबाइल कंपनीला फोन करतो, तुमचे नाव, जन्मतारीख, पत्ता सांगतो आणि ‘माझे सिम हरवले, नवे द्या’ म्हणतो. ही माहिती बहुतेकदा कुठून तरी आधीच फुटलेली असते. कंपनी फसली की त्याला अगदी अस्सल कार्ड मिळते आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. तुम्हाला दिसते ते एवढेच, की फोनवरचे नेटवर्क अचानक गेले आहे. इतरांचे नेटवर्क चालू असेल, तर ते परत येण्याची वाट न पाहता दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगेच बँकेला कळवावे.