चाक तेच, आच वेगळी

गोव्याच्या एखाद्या गावात जुन्या कौलारू घरात चाक मांडून, गॅसच्या भट्टीत वाडगे-बश्या भाजणारा स्टुडिओ कुंभार दिसला की हे शहरातून आलेलं काम आहे, असं आपण चटकन ठरवून टाकतो. ते अर्धंच खरं. त्याच्यामागे दोन वाटा आहेत आणि जवळची वाट आपल्या डिचोलीतून जाते.

डिचोलीचे कुंभार शेतातल्या लाल मातीची मडकी, पणत्या, तुळशीवृंदावनं करत आले. फेणी गाळायचं भाणही पूर्वी मातीचंच असे. तांब्याचं भाण आलं आणि ते गिऱ्हाईक तुटलं. पुढे स्टील-प्लास्टिकने स्वयंपाकघरही काढून घेतलं. टिकलं ते घुमट हे मातीचं वाद्य. दोन्ही बाजूंनी उघडं मडकं: रुंद तोंडावर ताणलेलं कातडं, आणि अरुंद तोंड तळहाताने झाकत-उघडत नाद वळवायचा. भाजताना केसाएवढी चीर गेली तरी आवाज बसतो, म्हणून ते घडवणं साध्या मडक्याहून अवघड. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. 2019 साली घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. चवथीच्या आरतीला घुमट घुमतं तेव्हा वाजवणाऱ्याचं कौतुक होतं, ज्याने मडकं घडवलं त्याची आठवण क्वचितच निघते. हे मला फार लागतं.

दुसरी वाट लांबची. 1920 साली ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हामादा यांनी इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला भट्टी उभारली. कारखान्याच्या साच्यातून नव्हे, कारागिराच्या हातून भांडं घडावं, हा त्यांचा आग्रह. जपानमध्ये शिकून आलेल्या गुरुचरण सिंगांनी दिल्लीत आणि पुढे हिमाचलातल्या आंद्रेट्यात हे काम रुजवलं. 1971 मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन कुंभारांनी पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे शिकलेले हात देशभर पसरले.

या दोन वाटा मातीपाशी भेटतात आणि तिथेच अडतात. गावचा आवा, म्हणजे मडकी भाजायची उघडी भट्टी, साधारण 800-900 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. स्टोनवेअरला, म्हणजे स्टुडिओतल्या दगडासारख्या घट्ट भांड्यांना, 1200च्या वर आच लागते. आपल्या लाल मातीत लोह भरपूर, त्यामुळे एवढ्या आचेत भांडं बसकण मारतं. म्हणून स्टुडिओवाल्याला पांढरी माती बाहेरून आणावी लागते. पावसाळ्यात तर दोघांचीही परीक्षा: उघडा आवा पेटत नाही, आणि छपराखालच्या वाडग्याचा काठ आधी वाळतो, बूड ओलं राहतं, नि तडा जातो.

पण तीच लाल माती वस्त्रगाळ करून, ताकासारखी पातळ कालवून बाहेरच्या मातीच्या भांड्यावर चढवली तर? माती त्या जातीची असेल तर भट्टीत ती वितळते आणि भांड्यावर गडद तपकिरी, काकवीसारखी चकाकी धरते.