काळी स्टेम, रंगीत स्टेम: पाइपसाठी व्हल्कनाइट बरं की अ‍ॅक्रिलिक?

जुन्या बाजारात किंवा आजोबांच्या कपाटात सापडलेला, तंबाखू ओढायचा ब्रायर लाकडाचा पाइप बहुतेकदा एकाच जागी हरलेला असतो. लाकडाला काही झालेलं नसतं. तोंडात धरायची काळी स्टेम मात्र हिरवट-तपकिरी पडलेली असते, टोकाशी दातांचे खड्डे, कधी आरपार भोकही. मग इंटरनेटवर मोरपंखी, मधाच्या रंगाच्या, मोत्यासारख्या झळकणाऱ्या अ‍ॅक्रिलिक स्टेम दिसतात आणि हात शिवशिवतात. ऑर्डर देण्याआधी एक प्रश्न मात्र सोडवायला हवा: हातात आहे ती काळी स्टेम कशाची आहे? काळं व्हल्कनाइट आणि काळं अ‍ॅक्रिलिक नवं असताना सख्ख्या भावांसारखं दिसतं. एकाला चालणारा इलाज दुसऱ्याला मात्र बाधतो.

व्हल्कनाइट म्हणजे रबर आणि गंधक. चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवण्याच्या कृतीचं अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळालं. गंधक भरपूर वाढवून कडक रबर करण्याचं पेटंट १८५१ मध्ये त्याचा भाऊ नेल्सन याला. मऊ रबरात गंधक नावापुरतं असतं, इथे ते साधारण पाव हिश्श्याहून जास्त. हेच एबोनाइट. राजमहेंद्रीचं रत्नम पेन ज्यांनी वापरलंय त्यांना हा स्पर्श आणि तो मंद गंधकी वास ओळखीचा असेल. अ‍ॅक्रिलिकचा रबराशी काही संबंध नाही. ते १९३०च्या दशकात प्लेक्सिग्लास, पर्स्पेक्स, ल्युसाइट अशा नावांनी बाजारात आलेलं प्लास्टिक, आणि पाइपवाले अजूनही त्याला सर्रास ल्युसाइट म्हणतात. इटलीतल्या कास्तेल्लोसारख्या नावाजलेल्या कारखान्याच्या स्टेम अ‍ॅक्रिलिकच्या असतात. तेव्हा अ‍ॅक्रिलिक म्हणजे हलक्या प्रतीचा माल, ही समजूत आधी काढून टाका.

ओळखायचं कसं? वजनावर जाऊ नका, दोघांची घनता जवळपास सारखीच. हिरवट-तपकिरी झाक दिसली की निकाल लागलाच: ऊन, हवा आणि ओल लागून व्हल्कनाइटमधलं गंधक पृष्ठभागावर उठतं, अ‍ॅक्रिलिकला असं काही होत नाही. झाक नसेल तर पांढरं ओलं फडकं जोर लावून घासा. फडक्यावर पिवळट-तपकिरी डाग आणि नाकाला जळक्या रबराचा वास आला, तर व्हल्कनाइट. अगदीच शंका असेल तर नखानं हलकेच टिचकी मारा. अ‍ॅक्रिलिकचा आवाज कडक, काचेकडे झुकणारा.

सफाईच्या वेळी हा फरक खिशाला लागतो. पाइपच्या नळीतला काळा चिकटा काढायला लोक अल्कोहोलमध्ये बुडवलेले पाइप-क्लीनर, म्हणजे सुती लव असलेल्या लवचीक तारा, वापरतात. व्हल्कनाइटला ते चालतं. अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोलनं बारीक भेगांचं जाळं पडू शकतं, विशेषतः कापलेल्या-भोक पाडलेल्या जागी, आणि ते जाळं पॉलिशनं जात नाही. त्याला कोमट पाणी आणि साबणाचा एखादा थेंब पुरे. ब्लीचचा घरगुती उपाय मात्र कुणालाच करू नका. व्हल्कनाइटचा पृष्ठभाग त्यानं खडबडीत होतो.

दातांच्या बाबतीत पारडं फिरतं. व्हल्कनाइट मऊ असतं. पाइप हातात न धरता दातांत धरून काम करणाऱ्याला ते सुखाचं वाटतं, आणि म्हणूनच त्यावर खड्डे पडतात. पण त्याची एक गंमत आहे: उष्णता दिली की ते जुन्या आकाराकडे परत जाऊ बघतं. गरम पाण्यात धरलं किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरझर फिरवलं, तर उथळ खड्डे पुष्कळसे भरून येतात. वाकडी स्टेम असेल तर तीही सरळ व्हायला लागते, कारण मुळात ती सरळच घडवलेली आणि नंतर वाकवलेली असते. पुन्हा वाकवताना आत पाइप-क्लीनर घालून ठेवावा, नाहीतर नळी चेपते. अ‍ॅक्रिलिकला दाताचा डाग सहज पडत नाही, पण पडला तर तो असा वर येत नाही. आणि दगडासारखा कडकपणा काहींच्या दाढांना नकोसा होतो. माझं मत विचाराल तर जो माणूस पाइप चावतो त्यानं रंगाच्या मोहात पडू नये.

आता रंग. व्हल्कनाइट रंगीत होतच नाही असं नाही. लालसर-तपकिरी नागमोडी रेघांचं ‘कंबरलँड’ तर डनहिल या इंग्लिश पाइप कंपनीनं प्रतिष्ठेला नेलं. पण गंधकामुळे रंग मातकट राहतात. पारदर्शक किंवा झळाळणारं काही हवं असेल तर अ‍ॅक्रिलिकच. त्याचे रंगीत रॉड पेन घडवणारे वापरतात तेच. कारागीर रॉड लेथवर घेतो आणि धुराची नळी पाडतो, पाइपच्या बाजूला साधारण चार मिलिमीटर, तोंडाकडे निमुळती. टोकाला तिचं फटीसारखं रुंद तोंड उघडतो. या शेवटच्या फटीवर खरी मजुरी जाते, आणि ग्राहकाचं लक्ष मात्र रंगावर असतं. फट नीट नसली तर पाइप ओढताना गुडगुडतो आणि क्लीनर आत अडतो. पाइपच्या लाकडी दांड्यात शिरणारं स्टेमचं कुसू अ‍ॅक्रिलिकमधूनच कातलं तर ठिसूळ राहतं. पाइप गरम असताना स्टेम ओढली की कट्कन तुटतं. म्हणून चांगले लोक तिथे डेल्रिन नावाच्या चिवट प्लास्टिकचा तुकडा बसवतात. ऑर्डर देताना हे विचाराच.

बदलावी केव्हा? निव्वळ हिरवट झाली म्हणून कधीच नाही. ओल्या सँडपेपरनं चारशे नंबरपासून दोन हजारपर्यंत घासून, वर कार्नोबा मेण चढवलं की काळा रंग परत येतो. टोकाला भोक पडलं असेल, कुसू तुटलं असेल, किंवा आधीच्या कुणी भलतीच स्टेम ठोकून बसवली असेल, तर बदला. पण डनहिलच्या स्टेमवरचा पांढरा ठिपका किंवा आयर्लंडच्या पीटरसननं १८९८ मध्ये पेटंट घेतलेला पी-लिप, ज्यात धूर टोकाच्या वरच्या भोकातून टाळूकडे जातो, हे नव्या स्टेमबरोबर जाणारच. विकायचा विचार असेल तर मूळ स्टेम तुटकी असली तरी जपून ठेवा, गिऱ्हाईक तिच्याबद्दल विचारतं.

आणि नुसती मापं पाठवून काम होत नाही. हाताळून हाताळून जुना दांडा पुरता गोल राहिलेला नसतो, त्यामुळे नवी स्टेम आणि दांडा एकत्र बसवून सांधा घासावा लागतो. त्या घासण्यात दांड्यावरचा कारखान्याचा ठसा पुसट होतो. तेव्हा पाइप पाठवताना ठशावर चिकटपट्टी लावा आणि ‘इथे सँडपेपर लावू नये’ अशी चिठ्ठी आत टाका.