अरेनीचे वाइन पर्यटन

अरेनी हे आर्मेनियाच्या वायोत्स झोर प्रांतातले, आर्पा नदीच्या काठचे छोटे गाव. राजधानी येरेवानहून दक्षिणेला इराणच्या सीमेकडे जाणारा महामार्ग इथूनच जातो. द्राक्षे आर्मेनियात इतरत्रही पिकतात, पण वाइनच्या ओढीने आलेला परदेशी पाहुणा हमखास पोचतो तो अरेनीला. त्याचे मोठे कारण म्हणजे गावाजवळच्या कड्यातली एक गुहा.

‘अरेनी-१’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गुहेत २००७ साली उत्खनन सुरू झाले. पुरातत्त्वज्ञ बोरिस गास्पार्यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे इ. स. पू. ४१००च्या सुमाराची, वाइन तयार करण्याची जागा सापडली. २०११ मध्ये हा शोध जाहीर झाला. मांडणी साधी, पण पूर्ण विचार करून केलेली आहे. मीटरभर रुंदीचे उथळ मातीचे कुंड, त्याला एका बाजूने उतार आणि उताराच्या टोकाशी जमिनीत बसवलेला सुमारे ६० सेंटिमीटर खोल रांजण. कुंडात द्राक्षे पायांनी तुडवली की रस आपसूक रांजणात उतरे आणि तिथेच आंबे. एका वेळी पन्नासेक लिटर वाइन होत असावी. भोवती द्राक्षबिया, चोथा आणि वाळलेल्या वेली मिळाल्या. खापरांवर माल्व्हिडिन हे लाल द्राक्षांना रंग देणारे द्रव्यही आढळले. शेजारीच दफने असल्याने ही वाइन अंत्यविधींसाठी केली जात असावी, असा संशोधकांचा कयास आहे. कोरड्या हवेमुळे गुहेत एरवी कुजून जाणाऱ्या वस्तूही टिकल्या. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे, नाडीसकट शाबूत असलेले चामड्याचे पायताण इथेच मिळाले.

वाइनचे याहूनही जुने रासायनिक पुरावे शेजारच्या जॉर्जियात सापडले आहेत. अरेनीचे महत्त्व वेगळे आहे: तुडवणे, आंबवणे आणि साठवणे ही सारी व्यवस्था इथे एकाच जागी पाहायला मिळते. गुहा पर्यटकांसाठी खुली असून ते कुंड जवळून बघता येते.

पुढच्या काळातही ही परंपरा बहरलेली दिसते. येरेवानमधल्या कार्मिर ब्लूर टेकडीवर उरार्तू राज्याच्या किल्ल्यात इ. स. पू. सातव्या शतकातले सुमारे ४०० रांजण सापडले. ऑगस्टच्या मध्यावर चर्चमध्ये नव्या द्राक्षांना आशीर्वाद देण्याचा विधी आजही होतो. त्याआधी द्राक्ष तोंडात घालायचे नाही, अशी जुनी रीत आहे.

तरीही ‘सहा हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे पर्यटकांना ऐकवले जाणारे वाक्य तपासून घ्यायला हवे. सोव्हिएत काळात आर्मेनियाच्या वाट्याला मुख्यत्वे ब्रँडी बनवण्याचे काम आले आणि बरीचशी द्राक्षे तिकडे वळली. १९८५च्या मद्यविरोधी मोहिमेने बागांना आणखी फटका दिला. ‘कारास’ म्हणजे वाइनचे मोठाले मातीचे रांजण घडवण्याची कलाही जवळपास लोपली. इटलीत वाढलेले आर्मेनियन उद्योजक झोरिक घारिब्यान यांनी रिंद गावाजवळ ‘झोराह’ ही वाइनरी उभारली, तेव्हा त्यांना गावोगावच्या घरांतून जुने कारास गोळा करावे लागले. त्यांची २०१०ची पहिली वाइन जगभर वाखाणली गेली. म्हणजे पाहुणा आज जे पाहतो ते तुटलेला धागा नेटाने पुन्हा जोडण्याचे काम आहे, आणि त्याचे मोल जराही कमी नाही.

इथल्या वाइनचा जीव आहे ‘अरेनी’ याच नावाच्या काळ्या द्राक्षात. जाड सालीचे हे वाण हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या कडक उन्हात आणि थंड रात्रींत पिकते. त्यामुळे वाइनमध्ये आंबटपणाचा ताजेपणा राहतो. पांढऱ्या वाइनसाठी ‘वोस्केहात’ हे वाण मानाचे. युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणाऱ्या, मुळांना लागणाऱ्या फिलॉक्सेरा किडीचा उपद्रव इथे फारसा न झाल्याने कित्येक वेली कलमाविना, स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. नाशिकच्या बागायतदाराला याचे विशेष वाटेल, कारण तिकडे वेगळ्या खुंटावर कलम करणे ही नित्याची गोष्ट झाली आहे.

महामार्गाच्या कडेला गावकऱ्यांच्या टपऱ्या असतात. त्यांवर घरची वाइन कोका-कोलाच्या जुन्या बाटल्यांत भरून मांडलेली दिसते. इराणकडे जाणारे ट्रकचालक हे तिचे नेहमीचे गिऱ्हाईक. दारूबंदीच्या देशात शिरताना लाल वाइन कोला म्हणून खपून जाते. डाळिंबाची आणि जर्दाळूची वाइनही इथे चाखायला देतात. २००९ पासून दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला गावात वाइन महोत्सव भरतो आणि पाहुण्यांनाही द्राक्षे तुडवता येतात.

बहुतेक सहली अरेनीसोबत नोरावांक मठही दाखवतात. लालसर कड्यांच्या घळीतल्या या मठाच्या दुमजली चर्चला दर्शनी भिंतीतून पुढे आलेल्या अरुंद दगडी पायऱ्या आहेत. त्याचा शिल्पी मोमिक. अरेनी गावातले १३२१चे चर्चही त्याचेच. नाशिककडे द्राक्षतोड उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते, अरेनीत ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालते. बागेत काम चालू असताना पाहायचे असेल तर तेच दिवस गाठावेत.