'मला काही होत नाही'

अंत्यसंस्कार उरकले, नातेवाईक पांगले, आता परत निघायचं. शंभरेक मैलांची नाही, रात्रभराची वाट. गाडी कोण चालवणार? बहुतेक वेळा तोच, ज्यानं गेले दोन-तीन दिवस सगळं अंगावर घेतलं. कुणी म्हटलंच, 'दमला असशील,' तर उत्तर ठरलेलं: 'मला काही होत नाही.' तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटतं, आणि घोळ तिथंच आहे.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं झोप आणणारं रसायन साचत जातं. झोपेत ते ओसरतं. दुःखाच्या रात्री झोप तुटक लागते, त्यामुळे साठा पुरता ओसरतच नाही. धावपळीत ताणाची संप्रेरकं हा शीण झाकून ठेवतात. मग गाडी मोकळ्या रस्त्याला लागते, मागच्या सीटवरच्या माना कलंडतात, टायरांचा एकसुरी आवाज तेवढा उरतो. झाकण तेव्हा उडतं.

ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 साली एक तुलना मांडली. सलग 17 तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. 24 तासांनंतर साधारण 0.10 टक्क्यांइतका. दारू प्यायलेल्याच्या हातातून आपण किल्ली काढून घेतो. जागरण झालेल्याला मात्र 'सावकाश जा' एवढंच सांगतो.

2003 साली अमेरिकेत झालेला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलेल्या लोकांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, पण आपल्याला किती झोप येतेय याचा त्यांचा स्वतःचा अंदाज काही दिवसांत जवळपास स्थिरावला. म्हणून 'झोप येतेय का?' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. उत्तर त्याच थकलेल्या मेंदूकडून येतं. 'मघाशी कुठलं गाव गेलं?' असं विचारा. तो गडबडला, तर गाडी बाजूला घ्यायची वेळ झाली आहे.

कारण डुलकी चार सेकंदांचीही असते, आणि कधीकधी डोळे उघडे असतानाही लागते. ताशी 90 किलोमीटर वेगात चार सेकंद म्हणजे 100 मीटर. तेवढं अंतर गाडी कुणीच चालवत नसतं. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतरची वेळ जास्त घातक, कारण शरीराचं घड्याळच तेव्हा झोपेकडे ओढतं.

काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यांचा परिणाम फार तर काही मिनिटं टिकतो. कॉफी खरी उपयोगी, कारण कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. पण त्याला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात सुरक्षित जागी गाडी उभी करून, सीट मागे टेकवून, वीस मिनिटांचा गजर लावून झोपायचं. जास्त झोपलात तर उठल्यावर जडपणा येतो. मग लगेच स्टिअरिंग हाती घेऊ नये. आणि गाडीत दुसरं कुणी चालवणारं असेल, तर किल्ली त्याच्याकडे.