क्यासनूर ते दोडामार्ग: माकडतापाचा नकाशा कसा घडला

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग-सावंतवाडीकडून माकडतापाच्या, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज या विषाणूजन्य तापाच्या, बातम्या यायला लागतात. अमुक गावाच्या हद्दीत मेलेलं माकड सापडलं, तमुक वाडीत दोघांना लागण झाली. त्यामागून नेहमीचा प्रश्न येतो, हा रोग आपल्याकडे आला कुठून? नकाशा उघडला तर टिंबं कर्नाटकातून चहूकडे सरकत गेलेली दिसतात. टिंबं खरीच आहेत. पण ती नेमकी कशाची, हे विचारल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये.

पहिलं टिंब माकडाचं होतं. मार्च १९५७. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात वानरं आणि लाल तोंडाची माकडं मरून पडू लागली आणि लगतच्या गावांत माणसं तापाने फणफणली. माकडं आणि माणसं एकदमच आजारी म्हटल्यावर संशय गेला तो पीतज्वरावर (यलो फीव्हर). आशियात हा रोग कधी आलेला नव्हता, त्यामुळे घबराट समजण्यासारखी होती. पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र सुरू होतं, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथून टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. हाती आलेला विषाणू नवा निघाला. त्याचं नातं पीतज्वरापेक्षा रशियातल्या गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराशी जवळचं होतं, आणि इथेही वाहक गोचीडच होती, हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा.

रशियाचं नाव निघाल्यावर स्थलांतर करणारे पक्षी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या देखरेखीखाली, पक्ष्यांचा प्रवास कळावा म्हणून, त्यांच्या पायांत वळी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. रोग पक्ष्यांनी आणला हे काही सिद्ध झालं नाही. आपल्या पक्षी-अभ्यासाचं मात्र त्यात कल्याण झालं.

आता मेलेल्या माकडाकडे वळू. माकड आजारी पडतं तेव्हा त्याच्या रक्तात विषाणूंची रेलचेल असते. अंगावरच्या गोचिडी ते रक्त पितात आणि माकड मेल्यावर तिथल्याच पालापाचोळ्यात उतरतात. म्हणून जिथे माकड मेलं ती जागा काही काळ धोक्याची असते. अशा जागेभोवती पन्नास मीटरच्या परिघात कीटकनाशक भुकटी मारायची पद्धत त्यातूनच आली. माणसाला चावते ती बहुधा पूर्ण वाढलेली गोचीड नसून तिचं खसखशीएवढं पिल्लू. ते अंगावर चढलेलं कळतही नाही. या पिल्लांचा सुळसुळाट पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत टिकतो. नेमक्या त्याच दिवसांत लोक सरपणाला, पाला गोळा करायला आणि काजूच्या बागेत जातात.

म्हणजे माकडाचं टिंब संसर्गाच्या जागी पडतं आणि माणसाचं टिंब त्याच्या घरावर. हा फरक किरकोळ नाही. रोगांच्या नकाशांचा विषय निघाला की डॉक्टर जॉन स्नो आणि लंडनची १८५४ ची पटकीची साथ यांचं नाव येतंच. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती त्याने मृत्यूंच्या खुणा मांडल्या. लोक घराजवळचंच पाणी भरत, म्हणून घरांचा तो नकाशा बोलका ठरला. पण त्याचा भक्कम पुरावा नकाशाबाहेरचा होता. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा त्या पंपाचं पाणी आवडतं म्हणून मुद्दाम मागवून घ्यायची, आणि ती पटकीने दगावली. माकडतापात प्रत्येक रुग्णाची गोष्ट थोडीफार हॅम्पस्टेडच्या बाईसारखी असते. तो राहतो वाडीत, चावा बसतो डोंगरात. रुग्ण कुठे राहतो यापेक्षा गेल्या आठवड्यात तो कुठे कुठे गेला होता, ही नोंद जास्त मोलाची.

पुढच्या काही दशकांत शिमोगा जिल्ह्यात आणि मग उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड, चिकमगळूरकडे टिंबं वाढत गेली. कोलंबियातून पुण्याच्या केंद्रात आलेल्या होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये या रोगाची परिसराशी सांगड घालून दाखवली. जंगल तोडून भातशेती झाली, गुरं रानात चरू लागली, मोठ्या गोचिडींना पोसायला गुरांची अंगं मिळाली. म्हणजे धोका जास्त तो शेत आणि रान एकमेकांत घुसतात त्या कडेला. त्याच शिमोगा भागात शरावतीवर लिंगनमक्की धरण झालं आणि विस्थापितांची नवी वस्ती जंगलाच्या काठाने बसली. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात मोठी साथ आली, तीही काजू लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर. रोग चालत येतो असं आपण म्हणतो. माझ्या मते पुष्कळदा त्याच्यासाठी जागा आपणच तयार करून ठेवतो.

मग २०१२ नंतर नकाशा एकदम पसरला. बंदीपूरला मेलेली माकडं हाताळणाऱ्या वन कर्मचाऱ्यांना लागण झाली. पाठोपाठ निलगिरी आणि वायनाड. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुका, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातला दोडामार्ग, पुढच्या वर्षी सावंतवाडीतलं बांदा. सत्तरी आणि दोडामार्ग एकमेकांना लागून आहेत, आणि राज्याची सीमा माकडाला कळत नाही, काजू गोळा करणाऱ्या मजुरालाही नाही. पण हे सगळं चार-पाच वर्षांत खरंच पसरलं का? त्याच सुमारास मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्राने अनेक राज्यांत तापाच्या रुग्णांची पद्धतशीर तपासणी सुरू केली होती. त्याआधी कोकणात असा ताप डेंगी किंवा लेप्टोच्या खात्यात गेला असेल, ही शक्यता कोणी नाकारू शकत नाही. कच्छ-सौराष्ट्रात आणि अंदमानातही लोकांच्या रक्तात या विषाणूशी जुळणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडली आहेत, साथीची नोंद मात्र तिथे नाही. टिंब नसलेली जागा निर्धोक असतेच असं नाही. कदाचित तिथे कोणी रक्त तपासलंच नसेल.

म्हणून अलीकडचा अभ्यास टिंबं मोजण्यावर थांबत नाही. २०२० मध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या गटाने शिमोगा जिल्ह्यातल्या रुग्णांच्या नोंदी उपग्रहावरून मिळालेल्या जंगलाच्या माहितीशी आणि गुरांच्या संख्येशी ताडून पाहिल्या. आर्द्र सदाहरित रान आणि बागा यांची सरमिसळ, जोडीला देशी गुरं जास्त, तिथे धोका जास्त, असं निघालं. बोशेल यांचं निरीक्षण पन्नास वर्षांनी आकड्यांत उतरलं म्हणायचं. अडचण अशी की पुष्कळ तयार नकाशे सुपारी-काजूच्या बागाही जंगलातच धरतात, आणि मग नेमकी धोक्याची कडाच पुसली जाते.

कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली जाणारी लस परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये बंद झाली. हातात उरलं ते अंगाला लावायचं तेल, मेलेल्या माकडाची वेळेवर वर्दी आणि ताप आल्याबरोबर रक्ततपासणी. हे आधी कोणत्या गावांत पोचवायचं, ते हाच नकाशा पाहून ठरवावं लागतं.