दीहुआंग: पिवळ्या मुळाचा काळा अवतार

‘दीहुआंग’ या चिनी औषधी वनस्पतीच्या नावाचा अर्थ ‘मातीतले पिवळे’. दीहुआंग (शास्त्रीय नाव रेह्मानिया ग्लुटिनोसा) ही लवदार पानांची, जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू वनस्पती. औषधात घेतात ते तिचे फुगीर मूळ. खणून काढल्यावर ते पिवळसर असते. चिनी औषधांच्या दुकानात मिळणारे ‘शूदीहुआंग’ (वाफवलेले दीहुआंग) मात्र डांबरासारखे काळे, चिकट आणि गोड. दोन्ही मुळे एकाच झाडाची, तरी एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

चीनमधल्या हान काळात वैद्य चांग चोंगजिंग ताज्या मुळाचा रस वापरत. ताजे आणि नुसते वाळवलेले मूळ ‘थंड’ मानतात आणि ताप, रक्तस्राव यांवर देतात. वाफवलेले ‘उष्ण’ आणि पोषक ठरले. सोंग काळातले बालवैद्य चिएन यी यांनी चोंगजिंगांच्या आठ औषधांच्या गोळीतून दालचिनी आणि बचनागवर्गीय मूळ काढून टाकले आणि वाफवलेले दीहुआंग मुख्य ठेवले. टाळू लवकर न भरणाऱ्या मुलांसाठी बांधलेल्या या सहा औषधांच्या योगाचे प्रमाण ८:४:४:३:३:३. त्यांच्या शिष्याने १११९ मध्ये संकलित केलेल्या ग्रंथात तो आहे आणि आजही सर्रास दिला जातो.

वाफवण्याची कृती १६व्या शतकात वैद्य ली शीचेन यांनी नेमकी लिहून ठेवली. पाण्यात बुडणारी जाड मुळेच निवडायची, तरंगणारी बाजूला काढायची. चांगल्या मद्यात एका वेलचीवर्गीय बियांची पूड कालवून मुळांना चोळायची. मातीच्या भांड्यावर विलोच्या लाकडाचे पात्र ठेवून आरपार वाफ द्यायची, वाळवायचे. असे नऊ वेळा. तांब्या-लोखंडाची भांडी जुन्या वैद्यांनी वर्ज्य केली होती. बियांची ती पूड सुवासासाठी नसते. दीहुआंग पचायला जड, त्याने पोट फुगते, शौचास पातळ होते. त्यावर हा उतारा.

आजच्या चिनी औषधकोशात १०० किलो वाळलेल्या मुळांना ३० ते ५० किलो तांदळाची पिवळी दारू सांगितली आहे. नऊ हा आकडा पाठ करण्यापेक्षा एक मूळ मधोमध कापून पाहावे: गाभा काळा आणि चकचकीत हवा. करडा राहिला तर वाफ कमी पडली. वाफेने कॅटॅल्पॉल हे द्रव्य झपाट्याने घटते आणि मोठ्या शर्करा तुटून साध्या होतात. गोडी येते ती त्यातून.

ली शीचेन यांच्या काळीच हनान प्रांतातल्या ह्वाइछिंगचे दीहुआंग सर्वोत्तम मानले जाई. आज तो भाग च्याओत्सुओ परिसरात येतो. लागवड मुळांच्या बेण्याने होते. तेच बेणे वर्षानुवर्षे वापरले की विषाणू साचून मुळे बारीक पडतात. म्हणून शेतकरी जुलै-ऑगस्टमध्ये निरोगी झाडे उपटतात, त्यांच्या मुळांचे तुकडे करून पुन्हा लावतात आणि ते पुढच्या हंगामाचे बेणे म्हणून राखतात. पाणी तुंबले की मूळ कुजते, त्यामुळे वरंबे उंच ठेवावे लागतात. तिळाचा बेवड टाळतात.

सगळ्यात मोठी अडचण जमिनीचीच. एकदा पीक घेतले की त्या जागी ८ ते १० वर्षे दीहुआंग नीट येत नाही. मुळांतून झिरपणारी द्रव्ये नव्या रोपालाच बाधतात, शिवाय मुळांभोवती फ्युझेरियमसारख्या बुरश्या माजतात. खत वाढवून हे भागत नाही. ह्वाइछिंगच्या शेतकऱ्याला दरवर्षी नवे रान शोधावेच लागते.